थारला बॉडी लिफ्ट बसवावी का?
पावसाळ्यात शेतरस्त्यावर गाडी खाली टेकते म्हणून महिंद्रा थारला बॉडी लिफ्ट बसवायची म्हणताय. टेकण्यावर तो उपाय नाही. बॉडी लिफ्टमध्ये चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे बसतात. बॉडी वर जाते, पण डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधल्या अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा, आहे तिथंच राहतं. काळ्या रानातल्या चाकोरीत टेकतं ते नेमकं तेच! फायदा एवढाच की मोठ्या टायरला जागा होते, आणि डिफरन्शियल उचललं जातं ते त्या टायरमुळं. वरून आणखी स्टिअरिंगचा शाफ्ट, रेडिएटरचे पाइप, गिअरचा दांडा जुळवत बसा. शिवाय गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. क्लेमच्या वेळी विमावाले अडवू शकतात. मी आधी मड टेरेन टायर, म्हणजे चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर, घेईन. अर्थात आपली चिकट माती त्यांच्याही खाचा भरून टाकते, तेव्हा शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याशी गोडीत राहा.