पिल्लांचे रंग सांगण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल वाचला, तुझ्या दोन्ही फेरेट्सचे, म्हणजे मुंगसासारख्या लांबट पाळीव प्राण्यांचे, फोटोही मोठे करून पाहिले. मादी अंगाने छान भरली आहे. नराचं थोबाड फोटोत नीट दिसत नाही, त्याच्याकडे नंतर येते.

या वसंतात जोडी लावली तर पिल्लं कोणत्या रंगाची होतील, असं तू विचारलं आहेस. पुढच्या वर्षी याच मादीला पांडा, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा, फेरेट नर दाखवायचा तुझा विचार आहे, तोही कळला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं कागद-पेन्सिलीने देता येतं. दुसऱ्याचं तसं देता येत नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच आहे.

मादीपासून सुरुवात करू. तिची आई अल्बिनो होती, असं तू लिहिलंस. त्या एका वाक्यात अर्धं उत्तर आलं. फेरेटमधला अल्बिनोपणा अप्रभावी असतो. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. त्याचं जनुक आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेलं आलं तरच पिल्लू पांढरं आणि लाल डोळ्यांचं होतं. एक प्रत चांगली असली की रंग पूर्ण भरतो आणि बिघडलेली प्रत आत लपून राहते. अल्बिनो आईकडे द्यायला बिघडलेलीच प्रत होती, म्हणजे तुझी गडद मादी नक्की वाहक आहे, ती लपलेली प्रत तिच्यात आहे. इथे शक्यतेचा प्रश्नच नाही.

नराचं तसं नाही. त्याचे आईबाप दोघेही गडद आणि एक सख्खी बहीण अल्बिनो, म्हणजे आईबाप दोघेही वाहक. अशा जोडीच्या चार पिल्लांमागे सरासरी एक अल्बिनो, दोन वाहक आणि एक पूर्ण मोकळं. तुझा नर अल्बिनो नाही हे दिसतंच आहे, तेव्हा तो एक वाटा सोडून द्यायचा. उरले तीन, त्यातले दोन वाहक. म्हणून त्याची वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश. तू ती निम्मी धरली होतीस. शिकलेली माणसंही इथे निम्मी धरतात. जे डोळ्यांसमोर आहे ते आधी वजा करायचं, मग मोजायचं.

तो वाहक असेल तर प्रत्येक पिल्लू अल्बिनो होण्याची शक्यता एक चतुर्थांश. दोन तृतीयांशला एक चतुर्थांशाने गुणलं की एक षष्ठांश येतो. तुझ्या जोडीचं आजचं भाकीत एवढंच: दर पिल्लामागे सहात एक.

आता एका वेताचं बघ. फेरेटच्या वेतात साधारण आठ पिल्लं धर. नर वाहक असूनही आठच्या आठ गडद निघण्याची शक्यता सुमारे दहा टक्के, कारण पाऊण हा आकडा आठ वेळा गुणला की तेवढाच उरतो. नर मोकळा असेल तर सगळी गडद होणारच. दोन्ही मिळून अल्बिनो एकही नाही असं वेत होण्याची शक्यता सुमारे चाळीस टक्के येते. तसं झालं तर भाकीत चुकलं असं समजू नकोस, उलट त्यातून तुला नवी माहिती मिळेल. आठ गडद पिल्लांनंतर नर वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांशवरून जवळजवळ एक षष्ठांशावर उतरते. आणि एक जरी लाल डोळ्यांचं पिल्लू निघालं, तर तो वाहक असल्याचं कायमचं सिद्ध होतं. मला या कामातला खरा आनंद इथेच वाटतो. प्रत्येक वेत आईबापांबद्दल काहीतरी सांगून जातं, फक्त ते लिहून ठेवायला हवं.

नराचा निकाल लवकर हवा असेल तर अल्बिनो मादीशी जोडी लावणं जास्त बोलकं. तिथे वाहक नराचं प्रत्येक पिल्लू निम्म्या शक्यतेने अल्बिनो असतं. पाच पिल्लं सलग गडद निघाली तर वाहक नराच्या बाबतीत असं घडण्याची शक्यता बत्तिसात एक, आठ निघाली तर दोनशे छपन्नात एक. पण केवळ परीक्षेसाठी आठ जीव जन्माला घालू नकोस. घरं ठरलेली असतील तरच.

गडद रंगाच्या छटांबद्दल मी थोडकंच लिहिते. सेबल, चॉकलेट, शॅम्पेन, सँडी ही नावं बाहेरचे राठ केस, आतली लोकर, नाक आणि डोळे पाहून दिलेली असतात. प्रत्येक नावामागे एकच ठरलेलं जनुक आहे असं समजून तक्ते मांडू नकोस. शिवाय फेरेटचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, वर्षातून दोनदा बदलतो. हिवाळ्यात तो दाट आणि बहुधा फिका होतो, तोंडावरचा मुखवटाही आक्रसतो किंवा पसरतो. तोच प्राणी जूनमध्ये एका नावाचा आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्या नावाचा वाटू शकतो. म्हणून नोंदवहीत रंगाच्या नावाशेजारी तारीख घाल आणि फोटो खिडकीच्या उजेडात काढ. पिल्लांच्या बाबतीतही घाई नको. जन्मतः सगळीच पांढुरक्या लवेची असतात. गडद होणाऱ्यांची लव काही दिवसांत करडी पडू लागते, पण डोळे उघडायला महिन्याहून जास्त लागतो. कोणाला कोणतं पिल्लू द्यायचं हे तोवर ठरवू नकोस.

आता पांढऱ्या रंगाकडे येते, कारण हे पत्र लांबलं ते त्याच्यासाठीच.

पांढरं दिसणं दोन अगदी वेगळ्या कारणांनी होतं. अल्बिनोच्या कातडीत रंगपेशी जागेवर असतात, फक्त त्यांना मेलॅनिन बनवता येत नाही. पांडाचं पांढरं डोकं, ब्लेझचा कपाळापासून मानेपर्यंतचा पट्टा, यांत रंगपेशीच तिथवर पोचलेल्या नसतात. घर रंगवायला आलेल्या रंगाऱ्याचा डबा रिकामा असणं वेगळं आणि रंगारीच न येणं वेगळं, तसं हे आहे. भ्रूणात या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून सगळ्या अंगभर पसरतात. त्यातल्या काही आतल्या कानात जातात आणि तिथल्या द्रवाचा विद्युतभार राखतात. तो भार नसेल तर ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर थोड्याच काळात मरतात. डोक्यावर रंगपेशी पोचल्या नाहीत, तर कानातही पोचल्या नसण्याची भीती मोठी असते. अल्बिनोच्या कानात त्या पेशी असतात, म्हणून केवळ अल्बिनोपणामुळे कान जात नाहीत. त्यांची अडचण डोळ्यांची. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात विरुद्ध बाजूला जातात आणि हलणाऱ्या वस्तू टिपायला त्यांना जड जातं. तरीही इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये शिकारीसाठी सशांच्या बिळांवर फेरेट सोडणारे कित्येकजण अल्बिनोच पसंत करतात, झुडपात पांढरा प्राणी चटकन दिसतो म्हणून.

2014 मध्ये पाळीव फेरेट्सच्या श्रवणावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 152 फेरेट्सच्या कानांची विद्युत तपासणी केली होती. 44 जन्मतः बहिरे निघाले, त्यातले 34 दोन्ही कानांनी. तपासलेले पांडा आणि ब्लेझ सगळेच्या सगळे बहिरे होते. वय न होताच करड्या पडणाऱ्या कोटाचाही बहिरेपणाशी संबंध दिसला. हे वाचल्यावर पांडा नर निवडण्यामागे फक्त दिसण्याची हौस उरते, आणि तिची किंमत पिल्लं मोजतात. बहिरं फेरेट घरात सुखाने जगतं, हे मला मान्य आहे. जमिनीवर हलकेच थोपटून त्याला हाक मारता येते, झोपेत अचानक उचलायचं नाही एवढं पाळलं की ते चावतही नाही. अशा प्राण्याला जीव लाव, घरात जागा दे. पण मुद्दाम तो जन्माला घालू नकोस.

यात एक फसगत आहे, ती तुझ्या मादीला लागू होते. अल्बिनोच्या अंगावर पांडाच्या किंवा ब्लेझच्या खुणा असल्या तरी दिसत नाहीत, कारण पांढऱ्यावर पांढरं. तुझ्या मादीच्या आईच्या अंगावर काय लपलं होतं हे आईकडे पाहून कळणार नाही. मुलीकडे पाहून थोडं कळेल. उजेडात तिला उताणी धर आणि हनुवटी, गळा, चारही पंजे, शेपटीचं टोक बघ. कपाळावरच्या दोन-चार पांढऱ्या केसांचीही नोंद कर. या खुणा प्रत्येक पिल्लात कमी-जास्त उमटतात, म्हणून इथे मघासारखं चतुर्थांशाचं गणित लावता येत नाही. नराचंही असंच बघ आणि त्याच्या डोक्याचा समोरून आणि वरून फोटो पाठव. पाठीमागून चावी वाजवून केलेली परीक्षा पुरी पडत नाही. एक कान चालू असला तरी फेरेट वळून बघतं, आणि दोन्ही बंद असले तरी जमिनीचा हादरा त्याला कळतो. मेंदूच्या विद्युत प्रतिसादावरून श्रवण तपासणारे पशुवैद्य आहेत. लागेल तो खर्च कर, आणि जोडी लावण्याआधी दोघांचीही तपासणी करून घे.

मादीच्या जिवाचीही एक गोष्ट आत्ताच सांगते. दिवस मोठे होऊ लागले की ती माजावर येईल आणि नराशी संग झाला नाही तर आपोआप त्यातून बाहेर येणार नाही. आठवडेच्या आठवडे इस्ट्रोजेन हे माजाचं संप्रेरक चढं राहिलं की अस्थिमज्जा रक्त बनवणं सोडते आणि मादी दगावते. तपासणीच्या निकालावरून जोडी रद्द करावी लागली, तर इम्प्लांट, इंजेक्शन किंवा नसबंदी केलेला नर, यातला कोणता उपाय हे पशुवैद्याला आधीच विचारून ठेव. जोडी लावलीस तर तेवढे दिवस दुसरा नर तिच्या जवळपासही नको, म्हणजे पिल्लांच्या बापाबद्दल शंका उरणार नाही. त्यानंतर साधारण 42 दिवसांनी ती विईल. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत कोणाला देऊ नकोस.

नराच्या आधीच्या मालकाला दोन प्रश्न विचार. याच्या आईबापांची एकूण किती वेतं झाली, आणि त्यांत पांढऱ्या डोक्याचं एखादं पिल्लू होतं का? उत्तर आलं की कळव, आपण दोघी मिळून आकडे पुन्हा मांडू. पांडा नराच्या मालकाला मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता या आठवड्यातच नाही म्हणून सांग, त्याने पुढच्या वर्षीची तारीख तुझ्यासाठी राखून ठेवली आहे.

तुझी,
मावशी