वाचकांचे प्रश्न : नियम बदलले की जुन्या घराचं काय?

प्रश्न : आमच्या शहराचे जमीन वापराचे आणि बांधकामाचे नियम बदलतायत, मसुदा आलाय, हरकती मागवल्यात. आमचं घर जुनं आहे, नव्या नियमात बसत नाही, मग पाडावं लागणार का?

उत्तर : घाबरू नका. परवानगी घेऊन बांधलेलं घर साधारणपणे तसंच राहू देतात, नवे नियम लागतात ते मजला चढवताना, वापर बदलताना किंवा पाडून नव्याने बांधताना, म्हणून मसुद्यात जुन्या बांधकामांचं कलम आधी शोधा आणि नीट वाचा. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, झोनिंग म्हणजे कुठे काय आणि किती उंच, आणि बिल्डिंग कोड म्हणजे जिना, वायरिंग, आगीपासून बचाव. मग नकाशात आपला प्लॉट बघा, झोन कुठला, सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, किती, पार्किंग किती सक्तीचं. पार्किंगचं मी मुद्दाम सांगतेय कारण लहान प्लॉटवर सगळी जागा तीच खाते आणि घरं कमी होतात, अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्ती शहरभर काढली आणि मला ते पटतं. हरकत मात्र मोघम नको, प्लॉट नंबर, कलम नंबर आणि त्याजागी नेमकं काय हवं ते लिहा, मुदतीत द्या आणि पोच घ्याच.