कॅमोमाइल चहा पिऊनही झोप लागत नाही. चहा करण्यात काही चुकतंय का?

तुम्ही लिहिलंय की एक टी बॅग मोठ्या मगात दोन मिनिटं बुडवून झोपायच्या अगदी आधी पिता. अशाने मिळतं ते पिवळसर गरम पाणी. टी बॅगमध्ये बहुतेक वेळा एक-दीड ग्रॅमच माल असतो, तोही भुकटी झालेला. सुगंधी तेल त्यातून आधीच बरंचसं उडून गेलेलं असतं.

सुटी, अख्खी वाळलेली फुलं घ्या. १५० मिली पाण्याला २ ते ३ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचा शिगोशीग भरून. पाणी उकळलं की गॅस बंद करून फुलांवर ओता, लगेच झाकण ठेवा आणि १० मिनिटं हात लावू नका. झाकण महत्त्वाचं, कारण तेल वाफेबरोबर जातं. झाकणाखाली जमलेले थेंब कपातच झटका. फुलं पाण्यात घालून उकळत ठेवली तर तेल उडतं आणि चहा कडू होतो. बरणी उघडल्यावर सफरचंदासारखा गोडसर वास आला नाही, तर फुलं जुनी आहेत. कितीही वेळ भिजवली तरी उपयोग नाही.

डोक्यात विचार थांबत नसतील तर मी कॅमोमाइलपेक्षा लेमन बामची पानं सुचवेन: दीड ते साडेचार ग्रॅम, बाकी कृती तीच. थायरॉईडची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. पॅशनफ्लॉवर १ ते २ ग्रॅम पुरतं. लॅव्हेंडर चिमूटभरच, जास्त झालं की साबण प्यायल्यासारखं वाटतं.

व्हॅलेरियनचं मूळ वेगळं प्रकरण आहे. मूळ म्हटलं की लोक काढा उकळतात. याला ते नको. बारीक तुकडे, २ ग्रॅम, वरून गरम पाणी, झाकून १० ते १५ मिनिटं. वास घामट मोज्यांचा येतो, तो तसाच असतो. परिणाम दिसलाच तर दोन-चार आठवड्यांनी दिसतो, आणि पुरावे उलटसुलट आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत निद्रानाशावर व्हॅलेरियन सुचवलेलं नाही. झोपेच्या गोळ्या किंवा दारूबरोबर तर अजिबात नको.

वेळ: झोपण्याच्या तास-दीड तास आधी, आणि कप लहानच. मगभर प्यायलात तर रात्री लघवीसाठी उठावं लागेल आणि चहाने जे कमावलं ते तिथेच जाईल. तयार मिश्रणाच्या पाकिटावरचे घटक नीट वाचा. ‘हर्बल’ लिहिलेल्या मिश्रणात ग्रीन टी किंवा येर्बा माते सापडतो, म्हणजे कॅफिन आलं. ज्येष्ठमध असेल आणि रक्तदाब जास्त असेल तर रोज नको. पित्त वर येत असेल तर पुदिनाही टाळा, छातीत जळजळ वाढते.

शेवंती, झेंडू, डेझीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर कॅमोमाइल पिऊ नका. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनीही नाही, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गरोदर असाल तर व्हॅलेरियन आणि पॅशनफ्लॉवर दोन्ही बाजूला ठेवा.

कपात सगळं बरोबर जमलं तरी परिणाम सौम्यच असतो. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर चहा बदलत बसू नका. त्यावर पहिला उपचार म्हणजे निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार यांवर काम करणारी थेरपी. डॉक्टरांकडे तिच्याबद्दल विचारा.