स्कापा फ्लो : प्रवाह, खाडी का आखात?

प्रश्न असा आलाय : एका अनुवादित लेखात ‘स्कापाच्या प्रवाहात जर्मनांनी स्वतःचीच ५२ जहाजं बुडवली’ असं वाक्य आहे, तर फ्लो म्हणजे प्रवाह हे बरोबर का, आणि मुळात ती बे (इंग्रजी bay) असेल तर मराठीत उपसागर म्हणायचं का खाडी?

प्रवाह तर नक्कीच नाही. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी बेटं आहेत, त्यातल्या मेनलंड, हॉय, बरे, साउथ रोनाल्डसे वगैरे बेटांनी चहूबाजूंनी अडवून धरलेलं समुद्राचं पाणी म्हणजे स्कापा फ्लो. ही बेटं १४६८ पर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होती, मग मुलीच्या हुंड्यापायी स्कॉटलंडकडे गहाण पडली ती कायमचीच, पण गावांची नावं जुन्या नॉर्स भाषेतलीच राहिली. त्या भाषेत ‘फ्लोई’ म्हणजे रुंद आखात. आइसलंडमध्ये रेक्याविकसमोरचं आखात आजही फाख्साफ्लोई आहे. इंग्रजी फ्लोशी त्याचं लांबचं नातं आहे म्हणा, पण अर्थ तो नाही.

आणि हा एकच सापळा नाहीये तिथे. मुख्य गाव किर्कवॉल, त्यातल्या वॉलचा भिंतीशी काही संबंध नाही, तो ‘वाग्र’, म्हणजे पुन्हा खाडीसारखं आत शिरलेलं पाणीच (किर्क म्हणजे चर्च, म्हणून चर्चजवळचं). हॉय साउंड म्हणजे आवाज नाही, सामुद्रधुनी. आपल्या कानाला होकाराचा आवाज वाटतो ते सोडा :)

आता जहाजांचं. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजं इथे आणून अडकवून ठेवली होती. २१ जून १९१९ ला सकाळी ब्रिटिश ताफा सरावाला बाहेर गेला आणि जर्मन अ‍ॅडमिरल फॉन रॉयटरने खुणेचा संदेश दिला, खलाशांनी तळातले व्हॉल्व उघडले. नेमकी त्या दिवशी ऑर्कनीतल्याच स्ट्रॉमनेस गावच्या शाळेतली पोरं बोटीने ही जहाजं बघायला सहलीला आलेली, त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक जहाज कलंडायला लागलं. ५२ बुडाली. बरीचशी नंतर काढून भंगारात गेली, सात मोठी अजून तळाशी आहेत आणि डायव्हर लोक बघायला जातात. वाहत्या पाण्यात असं होतं का? एवढा ताफा नांगरून ठेवायला आडोशाचं पाणीच लागतं.

दुसऱ्या महायुद्धात तेवढा आडोसाही पुरला नाही, १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडी पूर्वेच्या अरुंद वाटेने आत घुसली आणि रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका बुडवून गेली, आठशेवर माणसं मेली. त्यानंतर पूर्वेच्या वाटा काँक्रीटचे ठोकळे टाकून कायमच्या बंद केल्या, त्या कामावर इटालियन युद्धकैदी होते. म्हणजे आता तर ‘प्रवाह’ अजूनच विनोदी.

राहिला मराठी शब्द. खाडी मला पटत नाही. खाडी म्हटलं की ठाण्याची, दाभोळची आठवते, वरून नदीचं गोडं पाणी, खालून भरतीचं खारं चढतंय, कडेला चिखल आणि तिवरं. स्कापा फ्लोत मोठी नदी कुठली आलीय. हा ‘खाडी’ बहुतेक वेळा हिंदीतून येतो, तिकडे बंगाल की खाड़ी म्हणतात ना, ते बघून आपले लोक सरसकट चिकटवतात. उपसागर शब्द चूक नाही, पण बंगालच्या उपसागरामुळे तो डोक्यात फार अवाढव्य बसलाय आणि हे प्रकरण सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं. मी आखात घेईन. त्यात ‘स्कापा फ्लो आखात’ लिहिलं की सहारा वाळवंटासारखी द्विरुक्ती होते, सहारा म्हणजेच वाळवंट, तरी आपण लिहितोच की. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे ‘ऑर्कनीतलं स्कापा फ्लो हे आखात’, पुढे नुसतं ‘स्कापा फ्लोत’. आणि नावाचे तुकडे करून भाषांतर नको, नाहीतर उद्या कोणीतरी किर्कवॉलची चर्चभिंत करून ठेवेल.