फेस कुणाचा?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत महापालिकेच्या मलनिःसारण खात्यातून निवृत्त झालेल्या एक उपअभियंता.)

प्रश्न : आमची सोसायटी पुण्यात आंबिल ओढ्याच्या काठावर आहे. भर मे महिन्यातही सकाळी आठच्या सुमारास ओढ्यात साबणाचा पांढरा फेस येतो. वरच्या अंगाला कुणी कारखानदार गुपचूप पाणी सोडत असणार. नमुन्याची बाटली भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचं ठरवलंय. तक्रार कशी लिहावी?
– एका सोसायटीचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, तक्रार जरूर लिहा, पण आधी घड्याळ बघा. सकाळी आठला पुण्यात घरोघरी काय चालतं? धुणं. पावसाचा टिपूस नसताना पावसाळी गटार (पावसाचं पाणी ओढ्यात नेणारं) वाहतंय, सकाळी जोरात आणि दुपारी सुस्त, म्हणजे त्यात घरांचं सांडपाणी शिरलंय. खात्यात नोकरीला लागल्यावर हे पहिल्याच उन्हाळ्यात शिकवतात.

आता तुमच्याच ड्राय बाल्कनीत जा. वॉशिंग मशीनचं पाणी ज्या जाळीत जातं, तिच्याखालचा पाइप कुठे उतरतो ते कुणाला तरी ठाऊक आहे का? बऱ्याच इमारतींत तो गच्चीवरून येणाऱ्या पावसाळी पाइपला जोडलेला असतो. बाल्कनी बांधली तेव्हा तिथे फक्त पावसाचं पाणी येणार होतं. मशीन नंतर आलं. तो पाइप पावसाळी चेंबरला, चेंबर ओढ्याला, ओढा मुठेला.

हे मी वरून बोलत नाहीये. एकतीस वर्षं ड्रेनेजमध्ये काढली आणि निवृत्तीनंतर कळलं की माझंच मशीन चुकीच्या पाइपला आहे! कुठला पाइप कुठे निघतो ते बघायला खात्यात आम्ही फ्लोरेसिन नावाचा हिरवा रंग पाण्यात टाकायचो. घरी मी चार बीट उकळले आणि बादलीभर लालभडक पाणी चौथ्या मजल्यावरून ओतलं. खाली प्लंबर झाकण उघडून उभा. ड्रेनेजच्या, म्हणजे मैलापाण्याच्या, चेंबरमध्ये काही नाही, पावसाळी चेंबरमध्येही नाही. दोन मिनिटांनी त्याने वर बघून हाक मारली, "मॅडम, इकडे खड्ड्यात आलं!" खड्डा म्हणजे बोअर भरावी म्हणून आम्ही हौसेने केलेला शोषखड्डा. गच्चीचं पाणी जमिनीत मुरवतोय म्हणून सभेत टाळ्या घेतल्या होत्या, आणि अख्ख्या विंगचं धुण्याचं पाणी त्यातून बोअरकडे चाललं होतं. त्याच बोअरचं पाणी आम्ही उन्हाळ्यात टाकीत चढवत होतो.

तेव्हा बीट उकळा. दर विंगला एकदा, सकाळची मशीनं लागायच्या आत. झाकण प्लंबरलाच उघडू द्या. चेंबरमध्ये कुणी उतरायचं नाही, वाकून काडी ओढायची नाही. आत वायू साठलेला असतो.

चूक सापडली तर उपाय सोपा, भांडण अवघड. मशीनच्या पाण्याला वेगळा पाइप काढून तो गली ट्रॅपमार्गे (ड्रेनेजचा वास-वायू अडवणारा, पाणी भरलेला सापळा) ड्रेनेजला जोडायचा. पैसे फ्लॅटवाल्याने द्यायचे की सोसायटीने, यावर आमच्या दोन सभा गेल्या. शेवटी सोसायटीने दिले, कारण गळती सगळ्यांच्याच बोअरमध्ये होती.

एवढं करूनही सकाळी फेस आला, तर तो वरच्यांचा. मग तक्रार करा. बाटली मात्र घरीच ठेवा. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानुसार नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर नोटीस देऊन घ्यायचा, दोन भाग करून सील करायचा. तुमची बाटली पुरावा म्हणून उभी राहत नाही. त्यापेक्षा आठ दिवस रोज तारीख-वेळ टाकून फोटो काढा आणि पाणी नेमकं कुठल्या तोंडातून पडतंय ते नकाशावर दाखवा. कुणी म्हणालं, "अहो, ओढा तर कोरडा असतो", तर सांगा की कायद्याच्या व्याख्येत वाहता प्रवाह येतो तसाच तात्पुरता कोरडा पडलेलाही. 2019 च्या सप्टेंबरात याच ओढ्याने तुमच्या भागातल्या भिंती पाडल्या, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आणि "जायकाचे (जपानी कर्जातून होणारे सांडपाणी शुद्धीकरणाचे) प्रकल्प होताहेत, नदी आपोआप साफ होईल" असं सभेत कुणी तरी म्हणणारच. त्या 11 केंद्रांची क्षमता रोज 396 दशलक्ष लिटर. पण केंद्रापर्यंत पाणी पोचतं ते ड्रेनेजच्या नळातून. पावसाळी पाइपात शिरलेलं पाणी केंद्राचं तोंडही बघत नाही. ते मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीत जातं. सोलापूरकर ते पितात.

प्रश्न : जोराचा पाऊस आला की आमच्या तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं. ड्रेनेज तर नुकतीच साफ केली आहे.
– एक गृहिणी, पिंपरी

उत्तर : वरच्या चुकीची ही उलटी बाजू. तुमच्या गच्चीचा किंवा अंगणाचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असावा. मैलापाण्याच्या नळात अख्ख्या गच्चीचा पाऊस मावत नाही. मग ते सगळ्यात खालच्या भांड्यातून वर येतं. कोरड्या दिवशी गच्चीवर दोन बादल्या ओता आणि ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण न उघडता बाहेरून आवाज ऐका. आवाज आला तर पाइप तोडून पावसाळी गटाराला न्या. शेजाऱ्याचा पाइपही तिथेच निघाला तर गोडीने सांगा. तळमजल्यावर तो राहत नाही ना.