अंधुक उजेडातही पांढरा कागद करडा न दिसता पांढराच का दिसतो?

संध्याकाळी दिवा न लावता बसलं तर उजेड कमी झालेला जाणवतो, मग कागद करडा का पडत नाही, असं तुम्ही विचारलंय. माझ्या फार आवडीचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडे बघा. पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८०-९० टक्के परत पाठवतो, कोळसा जेमतेम ४-५ टक्के. पण भर उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि दिवा लावलेल्या खोलीत दोन-तीनशे. म्हणजे उन्हातला कोळसा खोलीतल्या कागदाच्या पंधरा ते तीस पट उजेड डोळ्यात पाठवतो. तरी कोळसा काळा आणि कागद पांढरा!

कारण डोळ्यात किती उजेड आला ही एक गोष्ट आणि वस्तू मुळात किती फिकी किंवा गडद ही दुसरी. दुसरी गोष्ट मेंदू शेजारच्या पृष्ठभागांशी तुलना करून ठरवतो. संध्याकाळी कागद, शाई, टेबल सगळ्यांवरचा उजेड सारख्याच पटीने घटतो, त्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं.

अडेमार गेल्ब या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली याचा अफलातून प्रयोग मांडला. अंधाऱ्या खोलीत काळी चकती टांगायची आणि फक्त तिच्यावरच झोत सोडायचा. चकती पांढरी दिसते. त्याच झोतात तिच्याशेजारी पांढऱ्या कागदाचा कपटा धरला की क्षणात काळी.

मी हे काळा कार्डपेपर आणि टॉर्च घेऊन केलंय. झोत बाहेर सांडू नये म्हणून टॉर्चच्या तोंडाला भोक पाडलेला पुठ्ठा चिकटवला. थोडा उजेड तरी निसटलाच, त्यामुळे कार्ड फिकट करड्यापर्यंतच गेलं. पण कपटा बाजूला केल्यावर जे झालं ते विसरता येत नाही. कार्ड काळं आहे हे पक्कं माहीत होतं, ते मीच कापलं होतं, आणि तरी ते डोळ्यांदेखत पुन्हा उजळलं. माहिती असून काही उपयोग नाही!

यावर बरंच काम केलेल्या ॲलन गिलख्रिस्ट यांच्या मते, समोरच्या दृश्यातला सर्वांत उजळ पृष्ठभाग मेंदू 'पांढरा' धरतो आणि बाकीचे त्यावरून मोजतो. तुमच्या खोलीत तो मान कागदाला मिळतो. वर्तमानपत्र एकटं असताना पांढरं वाटतं ना? त्यावर छपाईचा कोरा कागद ठेवून बघा, लगेच मळकट दिसेल.