टाळी वाजवली नाही म्हणून मी शत्रूची का?

प्रश्न: ताई, युद्ध चालू असताना नेत्याचं भाषण घरात सगळे टीव्हीसमोर बसून ऐकत होते, संपल्यावर टाळ्या, मी एवढंच विचारलं की आपली माणसं किती गेली ते का नाही सांगितलं, तर भाऊ म्हणाला तू शत्रूची भाषा बोलतेस. माझं चुकलं का?

उत्तर: अजिबात नाही चुकलं. दुसऱ्या महायुद्धात ४ जून १९४० पर्यंत फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून, जर्मनांच्या वेढ्यातून, ब्रिटन आणि मित्रदेशांचे ३,३८,००० च्या वर सैनिक सुटून आले, लोक खुशीत होते, तरी ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिलनी त्याच दिवशी संसदेत सांगितलं की माघार घेऊन युद्ध जिंकता येत नाही, मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून ३०,००० हून जास्त माणसं आणि जवळपास १,००० तोफा गेल्यात. म्हणजे आकडा सांगता येतो, अगदी संकटात पण. आणि ऑगस्ट १९६४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सननी टीव्हीवर सांगितलं की व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर परत हल्ला झालाय, सिनेटमध्ये अध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव ८८ विरुद्ध २ ने पास, अमेरिका व्हिएतनाममध्ये खोल खोल गेली, आणि तो दुसरा हल्ला झालाच नव्हता हे नंतर कळलं. विरोधात फक्त मोर्स आणि ग्रुनिंग हे दोन सिनेटर, दोघंही १९६८ ला आपली सीट हरले, मला त्याचं अजून वाईट वाटतं. भावाशी भांडू नका, पण प्रश्न मागे घेऊ नका.